‘सिटी लाइट्स’ : बोलपटाच्या वर्षातला मूकपट

१९३१ हे वर्ष भारतीय चित्रपटाच्या इतिहासात बोलपटाच्या जन्माचे वर्ष म्हणून नोंदले गेले आहे. त्या वर्षीच्या १४ मार्चला गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला, पडद्यावरची माणसे बोलू आणि गाऊ लागली, आणि मूकपटाचे दिवस भरले हे व्यवसायातल्या बहुतेकांनी ओळखले. त्याआधी जेमतेम सहा आठवडे, ३० जानेवारीला, चार्ली चॅप्लिनने लॉस एंजेलिसमध्ये आपला ‘सिटी लाइट्स’ प्रदर्शित केला होता, आणि त्यात एकाही पात्राच्या तोंडून एकही शब्द ऐकू येत नव्हता. अमेरिकेत बोलपट रुळून तोवर तीन वर्षे झाली होती, तिथल्या बहुतेक कंपन्यांनी मूकपट काढणे थांबवले होते, आणि अशा वेळी स्वतःच्या पदरचे सुमारे पंधरा लाख डॉलर घालून मूकपट काढणारा माणूस एकतर हट्टी असला पाहिजे किंवा त्याच्यापाशी तसेच सबळ कारण असले पाहिजे. चॅप्लिनपाशी दोन्ही होते. आज ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही, आणि कालबाह्य ठरवला गेलेला तो मूकपट मात्र अजून पाहिला जातो, अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००८ साली प्रणयविनोदी चित्रपटांची जी क्रमवारी लावली, तिच्यात त्याला पहिले स्थान मिळाले.

हे टिकणे केवळ जुन्याविषयीच्या मायेने होत नसते. ‘सिटी लाइट्स’मधली प्रेमकथा फक्त मूकपटातच घडू शकते, तिला आवाज दिला की ती पहिल्याच प्रसंगात कोसळते, आणि तिच्या टिकाऊपणाचे मूळ बऱ्याच अंशी याच गोष्टीत आहे. हे समजायला मूकपट पाहणारा प्रेक्षक कसा होता हे आधी पाहणे सोयीचे, आणि त्यासाठी मुंबईतल्या गिरणगावाइतके चांगले ठिकाण नाही.

चिंचपोकळी, लालबाग, परळ, करी रोड या भागाला गिरणगाव म्हणत, कारण कापडगिरण्या आणि त्यांत राबणाऱ्या कामगारांच्या चाळी यांनीच तो बनला होता. १९२०च्या दशकात इथल्या एका चाळीत रत्नागिरीचा कोकणी माणूस, शेजारी साताऱ्याचा घाटी आणि जवळच तेलंगणातून आलेला विणकर अशी वस्ती असे; भायखळ्याच्या पलीकडे मदनपुऱ्यात उत्तरेतून आलेले मुसलमान विणकर राहत. मराठी बोलणाऱ्यांतही एकाची बोली दुसऱ्याच्या कानाला वेगळी लागे. अशा वस्तीत करमणुकीचे खेळही आपापले होते. कोकण्यांचे नमन-खेळे आणि दशावतार, घाटावरच्यांचा तमाशा, आणि या दोन्हींत निम्मा जीव भाषेचा, म्हणजे कोट्यांचा, सवाल-जबाबाचा, गावाकडच्या संदर्भांचा. मूकपट तेवढा या सर्वांना एका बाकावर बसवू शकत होता. प्रसंगांच्या मधूनमधून पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत, मुंबईतल्या मूकपटांत त्या अनेकदा दोन-तीन भाषांत असत, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी.

वाचता न येणाऱ्यांपैकी एकाचे पुढे काय झाले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. वाटेगावाहून वडिलांबरोबर मुंबईत येऊन भायखळ्यात राहिलेल्या अण्णा भाऊ साठे यांना या शहरात मूकपटांचे विलक्षण वेड लागले, आणि सिनेमाच्या जाहिराती व दुकानांवरच्या पाट्या वाचता वाचता ते अक्षरे जुळवायला शिकले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. ज्या कलेला शब्दांची गरज सर्वांत कमी, तिच्या ओढीने मराठीतल्या एका मोठ्या शब्दप्रभूला अक्षरओळख व्हावी, हा योग मोठा विलक्षण आहे.

विनोद तर या पडद्यावर पहिल्यापासून होता. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हाच्या कार्यक्रमात सत्यवचनी राजाच्या जोडीला नाच, पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू आणि परदेशी विनोदी चित्रफिती असा सगळा मसाला होता. पुढे १९२७-२८ मध्ये सरकारने नेमलेल्या, दिवाणबहादूर रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने देशभर साक्षी घेतल्या, तेव्हा चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड यांच्यासारख्या विनोदवीरांची लोकप्रियता तिच्याही नजरेत भरली. ‘आलम आरा’नंतर मात्र चित्र पालटले. प्रभात फिल्म कंपनीला १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित करावा लागला, कारण बोलू लागलेला राजा एका भाषेत बोलला की दुसऱ्या भाषेच्या प्रेक्षकाला मुकणार होता. चॅप्लिनला नेमकी हीच भीती वाटत होती. त्याचा भटक्या तोवर जगभरातल्या प्रेक्षकांच्या घरचा झाला होता; तो इंग्रजी बोलला असता, तर त्या क्षणी इंग्रज किंवा अमेरिकन झाला असता.

भटक्या म्हणजे चॅप्लिनने १९१४ पासून साकारलेले पात्र. अंगाला घट्ट कोट, घोळदार विजार, पायाला न पुरणारे नव्हे तर पायाला पुरून उरणारे बूट, हातात वेताची काठी, डोक्यावर गोल टोपी आणि ओठांवर इवलीशी मिशी. कपडे फाटके असले तरी रीतभात खानदानी गृहस्थाची. ‘सिटी लाइट्स’मध्ये हा भटक्या रस्त्याच्या कडेला फुले विकणाऱ्या एका आंधळ्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि ती त्याला लक्षाधीश समजते. दुसरीकडे, दारूच्या नशेत जीव द्यायला निघालेल्या एका खऱ्या लक्षाधीशाला तो वाचवतो. नशेत असेपर्यंत तो धनिक त्याला जिवलग मित्र मानून गळ्यात पडतो आणि शुद्धीवर येताच ओळखही न दाखवता घराबाहेर काढतो. मुलीचे थकलेले घरभाडे आणि डोळ्यांवरच्या उपचाराचा खर्च उभा करण्यासाठी भटक्या रस्ते झाडतो, मुष्टियुद्धाच्या आखाड्यात मार खातो, शेवटी त्या धनिकाने नशेत दिलेले हजार डॉलर तिच्या हाती देतो आणि चोरीच्या आळाने तुरुंगात जातो. तो सुटून येतो तेव्हा तिला दृष्टी आलेली असते.

इतकी साधी गोष्ट सांगायला चॅप्लिनला चित्रीकरणाच्या आरंभापासून दोन वर्षांच्या आसपास लागली, आणि त्यातला फार मोठा वेळ एकाच अडचणीत गेला. मुलगी आंधळी आहे; भटक्याच्या अंगावर लक्तरे आहेत; तो श्रीमंत आहे असे तिला वाटावे तरी कशाने? शब्द वापरता येत नाहीत. पहिल्या भेटीच्या प्रसंगासाठी चॅप्लिनने पुन्हा पुन्हा, तब्बल ३४२ वेळा चित्रीकरण केले असा आकडा नेहमी दिला जातो. मुलीचे काम करणाऱ्या व्हर्जिनिया चेरिलला त्याने मध्येच काढून टाकले, जॉर्जिया हेल या दुसऱ्या नटीला घेऊन पाहिले आणि अखेर चेरिललाच परत बोलावले.

शेवटी सापडलेली तोड अशी. रस्त्यात वाहनांची कोंडी झाली आहे, पलीकडे पोलीस उभा आहे, त्याला चुकवण्यासाठी भटक्या एका उभ्या मोटारीच्या एका दाराने शिरतो आणि दुसऱ्या दाराने पदपथावर उतरून दार लावतो. फुलवालीच्या कानावर दाराचा तो आवाज पडतो आणि मोटारीतून कोणी साहेब उतरले असे समजून ती फूल पुढे करते. फूल खाली पडते. तो ते उचलतो, तरी ती जमिनीवर चाचपडतच राहते, आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात येते की तिला दिसत नाही. तो नाणे देतो. ती मोड काढणार एवढ्यात मोटारीचा खरा मालक येऊन बसतो, दार लागते, गाडी निघून जाते, आणि तिची समजूत होते की मोड न घेताच साहेब गेले. भटक्या तिथेच उभा असतो. तिचा भ्रम मोडू नये म्हणून चवड्यांवर पावले टाकीत दूर होतो आणि थोड्या अंतरावर बसून तिच्याकडे पाहत राहतो. ती भांडे विसळते आणि आतले पाणी समोर भिरकावते, ते थेट त्याच्या तोंडावर येते. गहिवरायला लागलेला प्रेक्षक खो खो हसतो.

या प्रसंगाचा सगळा डोलारा दाराच्या एका आवाजावर उभा आहे, आणि तो आवाज पात्राला ऐकू येतो, प्रेक्षकाने मात्र तो मनात ऐकायचा असतो. त्याहून महत्त्वाचे हे की भटक्या बोलत नाही. तो बोलला असता तर? मुंबईतल्या माणसाला याचे उत्तर सांगावे लागत नाही. दोन वाक्यांत माणसाचा जिल्हा कळतो, तिसऱ्यात त्याची शाळा आणि चौथ्यात त्याचा पगार. मलबार हिलवरचा शेठ आणि चिंचपोकळीच्या चाळीतला बदली कामगार यांच्यातला फरक ओळखायला डोळे लागतच नाहीत, कान पुरतो. डोळे नसलेल्या माणसाचा कान तर अधिकच तयार असतो. लंडनच्या गरीब वस्तीत वाढलेल्या चॅप्लिनला बोलीवरून माणसाची पायरी ठरवण्याची ही रीत लहानपणापासून परिचित असणार. बोलपटात ती मुलगी पहिल्या वाक्याला फसली नसती. मूकपटाच्या जगात कोणाच्याच तोंडचे बोल ऐकू येत नाहीत, म्हणून तिथे भिकाऱ्याचे सौजन्य आणि श्रीमंताचे सौजन्य यांत फरक करता येत नाही, आणि म्हणूनच तिची चूक प्रेक्षकाला पटते. शिवाय ती एका अर्थाने चूकही नाही, कारण भटक्या तिच्याशी वागतो तो तिच्या कल्पनेतल्या श्रीमंत सद्गृहस्थापेक्षा तसूभरही उणा नाही.

‘सिटी लाइट्स’ पूर्णपणे निःशब्द असला तरी निःस्वर नाही, ही बाब इथे नोंदवली पाहिजे. पूर्वी मूकपटाला चित्रपटगृहातल्या वादकांची साथ असे, आपल्याकडे ती बहुधा पेटी-तबल्याची. या चित्रपटाला मात्र चॅप्लिनने स्वतः संगीत रचून ते चित्रफितीवरच मुद्रित केले, आणि फुलवालीसाठी होजे पादिया या स्पॅनिश संगीतकाराची प्रसिद्ध चाल वापरली. ध्वनीची थट्टाही त्याने ध्वनीनेच केली. आरंभी एका पुतळ्याच्या अनावरणाला जमलेले पुढारी भाषणे ठोकतात, त्यांच्या तोंडून शब्दांऐवजी पिपाणीसारखा पीं-पीं आवाज निघतो. पुढे एका मेजवानीत भटक्या चुकून शिट्टी गिळतो आणि त्याच्या प्रत्येक उचकीला पोटातून शिट्टी वाजून गवयाचे गाणे बंद पडते. भाषणे ऐकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना पुढाऱ्यांचा प्रसंग वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

मराठी समीक्षेत विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असे तीन प्रकार मानतात: कोटी किंवा श्लेष यांतून निघणारा पहिला, घटनेच्या विसंगतीतून निघणारा दुसरा आणि माणसाच्या वृत्तीतून निघणारा तिसरा. मराठी मनाचा ओढा पहिल्याकडे अंमळ जास्तच राहिला आहे. गडकऱ्यांपासून अत्र्यांपर्यंत आणि पुढेही आपले हसणे शब्दांच्या खेळावर पोसले गेले. गिरणगावाच्या चाळीतून आलेले दादा कोंडके यांनी ‘सोंगाड्या’पासून (१९७१) भोळ्याभाबड्या माणसाचे एक अस्सल सोंग उभे केले, लोंबत्या नाडीची अर्धी चड्डी ही त्या सोंगाची खूण भटक्याच्या काठी-टोपीइतकीच पक्की झाली, पण त्यांची खरी हुकमत द्व्यर्थी बोलण्यावर होती, आणि ते बोलणे मराठीच्या वेशीबाहेर तितक्या सहजपणे जाऊ शकत नव्हते. चॅप्लिनपाशी प्रसंग आणि स्वभाव एवढेच भांडवल होते. रस्ते झाडण्याचे काम पत्करलेला भटक्या समोरून जनावरांचा तांडा येताना पाहून दुसऱ्या वाटेला वळतो आणि त्या वाटेने हत्ती येतो. यातला विनोद प्रसंगाचा. आत्महत्या करणाऱ्याला आशेचा उपदेश करताना तो स्वतःच दोरासकट नदीत पडतो, हाही प्रसंगच. पण भिजून चिंब झाल्यावरही तो टोपी सावरून समोरच्याशी अदबीने वागतो, तिथे विनोद स्वभावाचा होतो आणि भटक्या आपला वाटू लागतो.

चित्रपटाची रचनाही नुसत्या करमणुकीसाठी केलेली नाही. भटक्याला ओळखणारी माणसे दोनच: एक दारू प्यायल्यावर ओळखणारा आणि एक डोळे नसताना ओळखणारी. दोघांपाशी काहीतरी उणे आहे तोवरच तो त्यांना प्रिय आहे. एकाची शुद्ध परत आली की तो हाकलला जातो, मग दुसरीची दृष्टी परत आल्यावर काय होईल, हा प्रश्न चित्रपट प्रेक्षकाच्या मनात हळूच पेरून ठेवतो. मुलीच्या डोळ्यांसाठी भटक्या जी धडपड करतो ती म्हणजे स्वतःला गमावण्याची तयारी आहे, आणि हे त्याला कळत असावे असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटते. हॅरी मायर्सने रंगवलेल्या धनिकाच्या प्रसंगांत ज्यांना फक्त दारुड्याचे चाळे दिसतात, त्यांच्या हातून चित्रपटाची अर्धी वीण निसटते.

या कथेत पैसा सतत बोलत असतो, हेही गिरणगावाला उमगण्यासारखे होते. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या सार्वत्रिक संपाने बंद होत्या; तो मिटल्यावर दोन-तीन महिन्यांत तिकडे हॉलिवूडमध्ये ‘सिटी लाइट्स’चे चित्रीकरण सुरू झाले, आणि ते चालू असतानाच १९२९ च्या शेअरबाजाराच्या घसरणीने अमेरिकेत बेकारांच्या रांगा लागल्या. घरभाडे थकल्याची नोटीस हा प्रेमकथेला कलाटणी देणारा प्रसंग असू शकतो, हे चाळकऱ्याला पटवून द्यावे लागत नाही. चॅप्लिनचा एक धागा गिरणगावाच्या राजकारणाशीही जुळतो. चित्रपटाच्या निमित्ताने जगप्रवासाला निघालेल्या चॅप्लिनची २२ सप्टेंबर १९३१ रोजी लंडनच्या कॅनिंग टाउन भागात, गोलमेज परिषदेसाठी आलेल्या महात्मा गांधींशी गाठ पडली, आणि दोघांचे बोलणे झाले ते यंत्राविषयी. यंत्राला गांधींचा विरोध का, हे चॅप्लिनला समजून घ्यायचे होते. पाच वर्षांनी आलेल्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये भटक्या कारखान्याच्या यंत्रात सापडलेला दिसतो, त्याचे श्रेय त्या एका भेटीला देण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरलेला बरा.

चित्रपटाचा शेवट जगभर गाजला आणि अमेरिकन समीक्षक जेम्स एजी यांनी त्यातल्या अभिनयाला पडद्यावरच्या सर्वोच्च अभिनयाचा मान दिला. तुरुंगातून सुटलेल्या भटक्याची दशा आता पूर्वीपेक्षा वाईट आहे. काठी नाही, विजार फाटलेली, वर्तमानपत्रे विकणारी पोरे त्याची टर उडवताहेत. मुलगी स्वतःच्या फुलांच्या दुकानात काचेपलीकडे बसून हे पाहते आणि हसते. तिच्याकडे टक लावून पाहणारा हा भणंग आपल्यावर भाळला असे थट्टेने म्हणत ती त्याला एक फूल आणि एक नाणे देऊ करते. तो निसटू पाहतो, ती त्याचा हात धरून नाणे तळव्यावर ठेवते, आणि तिची बोटे थबकतात. ती त्या हातावरून, बाहीवरून खांद्यापर्यंत चाचपते. डोळ्यांनी जे सांगितले नाही ते हाताने सांगितले. तुम्हीच का, एवढाच तिच्या प्रश्नाचा आशय असतो. आता दिसते ना, एवढेच तो विचारतो. ती होय म्हणते, आणि पडदा काळा होतो.

स्पर्शाने पटलेली ही ओळख भारतीय वाचकाला अगदीच नवी नाही. विदर्भातल्या पद्मपूरचा म्हणवणाऱ्या भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ नाटकात, तिसऱ्या अंकात, मूर्च्छित रामाला अदृश्य सीता स्पर्श करते आणि ती डोळ्यांना दिसत नसतानाही राम तो स्पर्श ओळखतो. फरक असा की तिथे ओळख पटल्याने विरहाला दिलासा मिळतो. ‘सिटी लाइट्स’मध्ये ओळख पटताच मुलीच्या मनातला राजबिंडा धनिक संपतो आणि समोर हा उरतो. ती त्याचा हात उराशी धरून राहते खरी, पण तिच्या चेहऱ्यावर कृतज्ञता आहे, ओशाळेपण आहे, की प्रेम, हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही. एखादे वाक्य बोलले गेले असते तर यांतले एक नक्की ठरले असते. संस्कृत रसशास्त्राने हास्याचा उगम शृंगारात मानला आणि करुणाला हास्याचा विरोधी रस ठरवले. म्हणजे प्रेमातून हसू निघू शकते, पण हसू आणि शोक एका ठिकाणी नांदले तर एकमेकांना मारतात. भटक्याच्या शेवटच्या हसण्यापुढे हा नियम टिकत नाही. तो तोंडाशी फूल धरून हसतो, आणि ते हसू आनंदाचे आहे की भीतीचे, याचा निवाडा होण्याआधीच चित्रपट संपतो.

मराठी पडद्यावर या कथेच्या सर्वांत जवळ जाणारा चित्रपट म्हणजे राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०). परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या त्रयीने त्याआधी ‘लाखाची गोष्ट’सारखा (१९५२) खुसखुशीत प्रणयविनोद दिला होता, इथे परांजपे यांनी दिग्दर्शनाबरोबर जगात ठिकाण नसलेल्या, भोळ्या, निर्धन माणसाचे काम केले आणि आंधळ्या मुलीच्या भूमिकेत सीमा देव होत्या. ही जोडी पाहताना भटक्या आणि फुलवाली आठवल्यावाचून राहत नाहीत. पण साम्यापेक्षा फरक अधिक शिकवतो. परांजपे यांचा नायक बोलतो, त्यामुळे शांततेवर जगणारा तो नाजूक गैरसमज कथेचा कणा होऊ शकत नाही. त्याची जागा घेतात माडगूळकरांची गाणी आणि फडक्यांच्या चाली. ज्या भावना चॅप्लिन बोटांच्या हालचालीत दाखवतो, त्या इथे गीतात उतरतात; आंधळ्या नायिकेच्या तोंडी तर पाहण्याचीच भाषा घातली आहे, आणि ती प्रेमाची जितकी आहे तितकीच तिच्या अंधत्वावर मात करणारी आहे. संगीत नाटकावर वाढलेल्या प्रेक्षकाला प्रेम गाऊन सांगितलेले आवडते, हे या मंडळींनी नीट ओळखले होते. ती गाणी साठ वर्षांनंतरही मराठी घरांत वाजतात. चित्रपट त्या मानाने कमी पाहिला जातो. भाषेच्या आत हा चित्रपट अजोड आहे आणि भाषेबाहेर त्याला वाट नाही, याचा दोष कोणाकडेच जात नाही.

शब्द पुन्हा टाकून देण्याचा प्रयोग भारतात १९८७ साली सिंगीतम श्रीनिवास राव यांनी ‘पुष्पक’मध्ये केला. कमल हासन आणि अमला यांच्या या चित्रपटात एकही संवाद नाही, म्हणून हिंदी, तमिळ, तेलुगू प्रेक्षकांसाठी केवळ नाव बदलून तो दाखवता आला. त्यातला एक तपशील चाळीत राहिलेल्या माणसाला फार जवळचा वाटतो: गोंगाटाच्या वस्तीत राहणारा बेकार नायक आलिशान हॉटेलात तोतयेगिरी करून राहतो, तिथल्या शांततेत त्याला झोप येत नाही, मग तो आपल्या जुन्या खोलीतला कलकलाट टेपवर उतरवून आणतो आणि तो लावून झोपतो. प्रेमातला तोतया श्रीमंत हे सूत्र चॅप्लिनचेच.

मूकपटाला गोंगाट बाधत नाही, ही त्याची आणखी एक बाजू. मुंबईत गणेशोत्सवाच्या दिवसांत चाळींच्या मधल्या जागेत किंवा थेट रस्त्यावर पांढरा पडदा ताणून १६ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवण्याची पद्धत अनेक दशके होती, आणि गर्दी पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसे. मागे बसणाऱ्याला अक्षरे उलटी दिसतात, नायकाचा उजवा हात डावा होतो, रहदारीच्या आवाजात संवाद निम्मे विरतात. बोलपटाचे अशा वेळी हाल होतात. देहबोलीवर चालणाऱ्या विनोदाला मात्र पडद्याची पुढची बाजू आणि मागची बाजू सारखीच.

राहता राहिला एक रोकडा मुद्दा, आणि सौंदर्याच्या चर्चेत तो सहसा विसरला जातो. कलाकृती टिकते ती गुणांनी, हे खरे, पण आधी तिची प्रत टिकावी लागते. मूकपटाच्या काळातली फिल्म नायट्रेटची, म्हणजे भराभर पेट घेणारी आणि दमट हवेत कुजणारी असे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यांतले तिसाच्या आतबाहेरच, काही तर केवळ तुकड्यांच्या रूपात, आज हाती आहेत. कोल्हापुरात, पुण्यात, दादरमध्ये निघालेल्या त्या चित्रपटांत प्रणय आणि विनोद एकत्र गुंफणारी एखादी सुंदर कृती असेलही. तिची तुलना ‘सिटी लाइट्स’शी करण्याची संधी मराठी प्रेक्षकाकडून हिरावली गेली आहे. चॅप्लिन नट होता, लेखक-दिग्दर्शक होता, संगीतकार होता, आणि त्याबरोबरच स्वतःच्या स्टुडिओचा मालक आणि युनायटेड आर्टिस्ट्स या वितरण कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होता. आपल्या चित्रपटांचे हक्क आणि मूळ फिती त्याने स्वतःकडे राखल्या, १९५० साली ‘सिटी लाइट्स’ पुन्हा प्रदर्शित केला आणि नव्या पिढीच्या हाती तो शाबूत सोपवला. फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’ तयार करताना पत्नीचे दागिने गहाण टाकावे लागले होते. अशा माणसांच्या धंद्यात जुन्या फिती जपून ठेवायला थंड कोठारे कोणी बांधायची होती?